तात्पर्य थोडं थांबू द्या, आधी मुलांना पाहू द्या

शिक्षक मित्रहो आणि पालकहो,

'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिला आहे. आता आपण तो तपासतो किंवा घरी मुलांकडून पाठ करून घेतो. वर्गातल्या कोणत्याही चार वह्या उघडून बघा. चारही वह्यांत वरुणराजाचे आगमन होते, धरणीमाता हिरवा शालू नेसते आणि शेवटी निसर्ग आपल्याला काहीतरी शिकवण देतो.

यातली एक वही माण, जत किंवा आटपाडी अशा कमी पावसाच्या तालुक्यातल्या मुलाची आहे असं समजा. पाऊस लांबला की त्या मुलाला काय दिसतं? टँकर कधी येणार याची चर्चा, रांगेत ठेवलेले हंडे आणि आपला नंबर जाऊ नये म्हणून तिथेच बसून राहिलेली आजी. त्याच्या डोळ्यांसमोर एवढं सगळं असताना वहीत मात्र हिरवा शालू येतो. कारण एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसलेली असते, की निबंधात लिहायचं ते पुस्तकातलं असतं आणि आपल्या गल्लीतलं काही वहीत लिहिण्याच्या लायकीचं नसतं. मला खरी काळजी याची वाटते. गुण कमी-जास्त होतील, त्याचं एवढं काही नाही. पण आपलं रोजचं जगणं बिनमहत्त्वाचं आहे हा धडा मूल नकळत शिकतं आणि तो आयुष्यभर पुसला जात नाही.

तात्पर्य आधी आलं की दृश्य दिसत नाही

यावर आपण एक उपाय करतो. मुलांना सांगतो, "रोजच्या साध्या गोष्टींतून प्रेरणा घ्या." आणि लगेच उदाहरणं देतो: मुंगीकडून कष्ट शिका, झाडाकडून परोपकार शिका, घड्याळाकडून वक्तशीरपणा शिका. हेतू चांगलाच आहे. पण बघा ना, इथेही उत्तर आपणच आधी देऊन टाकलं! मुंगीकडून कष्टच शिकायचे हे ठरलेलं असेल, तर खाली वाकून मुंगीकडे बघायची गरज कोणाला उरते?

याचं एक छान उदाहरण आपल्या भाषेतच आहे. सुगरण पक्षी आपण सगळे ओळखतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा ताडा-माडाच्या झावळीला लटकणारी त्याची घरटी खेड्यातल्या प्रत्येकाने पाहिलेली असतात. घरटं इतकं नीटनेटकं, म्हणून विणणारी ती सुगरण, असं आपण मानलं. घर सांभाळावं ते बाईनेच, हे तात्पर्य पक्ष्याच्या नावातच जाऊन बसलं.

प्रत्यक्षात घरटं विणतो तो नर. पावसाळ्यात, विणीच्या हंगामात, नराचं डोकं पिवळंधमक होतं. मादी मात्र चिमणीसारखी तपकिरीच राहते. म्हणजे विणणारा पक्षी पिवळा आहे की तपकिरी, एवढंच नीट पाहिलं तरी उत्तर मिळतं. त्यासाठी दुर्बीणसुद्धा लागत नाही.

1930 च्या सुमारास सलीम अली अलिबागजवळच्या किहीम गावी राहत होते. मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी राहिली नव्हती. हाताशी वेळ होता आणि आजूबाजूला सुगरणींची घरटी होती. त्यांनी बैठक मारून ती पाहिली. त्यांना दिसलं ते असं: नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीने पसंत केलं की ती तिथे राहते, मग नर ते पूर्ण करतो आणि दुसऱ्या मादीसाठी पुढचं घरटं विणायला घेतो. दूरच्या जंगलात जावं लागलं नाही. सगळ्या गावाला रोज दिसणाऱ्या दृश्यातून पक्षिशास्त्राला नवी माहिती मिळाली.

आता बहिणाबाई चौधरींची आठवण काढू. खानदेशातल्या या शेतकरी बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी गाणी रचली. घरच्यांनी ती टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. सुगरणीच्या खोप्यावरचं त्यांचं गाणं आपण शाळेत शिकवतो. त्यात सुगरण 'ती'च आहे, कारण लोकभाषेत ती तशीच होती. पण खोप्याचं टांगलेपण आणि एवढ्याशा चोचीची कारागिरी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी टिपली होती. म्हणून ते गाणं आजही ताजं वाटतं.

एकीने घरटं पाहिलं, दुसऱ्याने पक्षी पाहिला. साध्या दृश्यात दोघांनाही पुरेल इतकं होतं, आणि तुमच्या-माझ्या वर्गातल्या मुलांसाठी अजूनही शिल्लक आहे.

मग वर्गात काय करायचं?

अगदी सोपं. विषय मोठा देऊ नका, जागा छोटी द्या. 'बाजारातील दृश्य' असं सांगितलं की मुलं पाठ केलेलं लिहितात. "पिठाच्या गिरणीत दहा मिनिटं उभा राहा आणि गिरणीवाल्या काकांच्या हातांकडे बघ," असं सांगितलं की पाठांतर कामाला येत नाही. मग मुलाला दिसतं की काका मधेच पडणारं पीठ चिमटीत घेऊन चोळतात आणि हात पुन्हा यंत्राकडे नेतात. ते असं का करतात? मुलाने त्यांनाच विचारावं.

एसटीचा प्रवास तर आपल्या मुलांचा रोजचा. कंडक्टरने एक बेल दिली की गाडी थांबते, डबल बेल दिली की निघते. थांबायला एक आणि निघायला दोन, असंच का ठरलं असेल? हा प्रश्न सातवीच्या वर्गात टाकून बघा. उत्तर चुकलं तरी चालेल, तास मात्र रंगेल.

पाहताना मुलांनी चारच गोष्टी टिपाव्यात:

1. काय दिसलं? (निदान पाच बारकावे)
2. काय ऐकू आलं, कसला वास आला?
3. आधी वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं काय निघालं?
4. काय कळलं नाही?

चौथा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. 'मला हे कळलं नाही' असं लिहिणारं मूल खरोखर पाहून आलेलं असतं. शिकवण, प्रेरणा, तात्पर्य हे सगळं त्यानंतर. आलं तर येऊ द्या, नाही आलं तर ओढून आणू नका.

एक पथ्य मात्र पाळायला लावा. रस्त्यावर चपला शिवणारे काका किंवा भाजीवाली मावशी यांच्याबद्दल लिहिताना 'बिचारे गरीब' असा सूर नको. मुलांनी त्यांचं काम पाहावं, त्यातलं कसब पाहावं आणि बोलताना त्यांना मान द्यावा.

"पण मार्कांचं काय?"

पालक हा प्रश्न विचारणारच, आणि तो रास्त आहे. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असे प्रकार येतात. प्रसंग कोणता येईल हे आधी कळत नाही, म्हणून पाठ केलेला निबंध तिथे अर्ध्या वाटेत साथ सोडतो. पाहायची सवय असलेल्या मुलाकडे शिदोरी असते. शिवाय एकसारखे पेपर तपासून कंटाळलेल्या परीक्षकाला चिमटीतल्या पिठाचं एक वाक्य भेटलं, तर तो थांबून वाचेलच ना!

नमुना निबंध वाचूच नयेत असं माझं म्हणणं नाही. परिच्छेद कसे पाडावेत, सुरुवात कशी करावी, शुद्धलेखन कसं असावं, यासाठी ते जरूर वाचावेत. पण क्रम बदला. आधी मुलाला दहा मिनिटं पाहू द्या, त्याचं कच्चं टिपण होऊ द्या, मग नमुना दाखवा. साचा नमुन्याचा घ्यावा, माल मुलाचा स्वतःचा असावा.

पालकहो, तुमच्याकडे एक छोटी मागणी आहे. संध्याकाळी मुलाला "आज शाळेत काय शिकवलं?" असं विचारता, त्याच्या जोडीला "आज येताना काय बघितलंस?" हेही विचारा. पहिल्या दिवशी "काही नाही" असंच उत्तर येईल. आठवडाभर विचारत राहा. आणि मूल सांगू लागलं की मधेच "मग यातून काय शिकलास?" असं मात्र विचारू नका. फक्त म्हणा, "बरं, आणखी काय होतं तिथे?"