नटाचा व्यवसाय आणि घराण्याची अब्रू

एखाद्या सुशिक्षित कुटुंबांतील मुलानें अगर मुलीनें आपण नट होणार असें म्हटलें, कीं घरांत क्षणभर शांतता पसरते. कोणी डॉक्टर अथवा इंजिनियर होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर वडील माणसें फीचा हिशेब करूं लागतात. परंतु नटाच्या धंद्याचें नांव निघतांच त्यांना अब्रूची आठवण होते. ही भीति अगदींच निराधार आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि अब्रू ही धंद्यांत असते कीं धंदा करणाराच्या वागणुकींत, याचा विचार पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं एकदां शांतपणें करावा, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं आमच्या गिरगांवांत वाढलेल्या एका थोर अभिनेत्रीचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

नटाविषयींचा तिरस्कार केवळ आपल्याच देशांत होता असें नाहीं. ज्या इंग्लंडनें शेक्सपिअर दिला, तेथेंहि १५७२ सालच्या कायद्यानें, कोणा सरदाराचा आश्रय नसलेल्या नटांची गणना भटक्या व उनाड लोकांत होत असे. नटास ‘सर’ ही पदवी प्रथम मिळाली ती हेन्री अर्व्हिंग यांस, १८९५ सालीं. आपल्याकडे दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट करूं लागले, तेव्हां तारामतीच्या कामास एकहि स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळींत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनीं लुगडें नेसून ती भूमिका केली, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत तो चित्रपट लोकांपुढें आला.

त्या वेळीं आठ वर्षांची असलेली लाड घराण्यांतील एक मुलगी गिरगांवांतील कांदेवाडींत लहानाची मोठी झाली. हीच पुढें दुर्गा खोटे या नांवानें प्रसिद्धीस आली. त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. घराणें मूळचें गोव्याचें, वडील सॉलिसिटर. कॅथीड्रल हायस्कुलांत व नंतर सेंट झेवियर कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें आणि संपन्न अशा खोटे घराण्यांत विवाह झाला. परंतु दिवस पालटले, घरची संपत्ति ओसरली, आणि पदरीं दोन लहान मुलगे असतां चरितार्थाचा प्रश्न उभा राहिला. १९३१ सालीं ‘फरेबी जाल’ या चित्रपटांत त्यांनीं लहानसें काम केलें. चित्रपट लोकांस रुचला नाहीं, आणि कुलीन स्त्रीनें असें काम केलें म्हणून टीकेचा भडिमार झाला. त्यांनीं मात्र पाऊल मागें घेतलें नाहीं. १९३२ सालीं प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटांत त्या तारामती झाल्या. ज्या भूमिकेस एकोणीस वर्षांपूर्वीं स्त्री मिळत नव्हती, तीच ही भूमिका होय.

हें काम सोपें नव्हतें. पार्श्वगायनाची सोय तेव्हां नव्हती. नटानें कॅमेऱ्यापुढेंच गावयाचें व बोलावयाचें. शिवाय हा बोलपट मराठींत व हिंदींतहि निघाला. पाठांतर, स्वच्छ उच्चार आणि अंगमेहनत यांवांचून तेथें निभाव लागणें शक्य नव्हतें. पुढें दुर्गाबाईंनीं एकाच कंपनीशीं स्वतःस बांधून न घेतां कोल्हापूर, कलकत्ता, पुणें व मुंबई येथें काम केलें. ‘अमरज्योति’मधील बंडखोर सौदामिनी, ‘मोगल-ए-आझम’मधील जोधाबाई या भूमिका लोक विसरले नाहींत. ‘साथी’ या चित्रपटाचें तर त्यांनीं दिग्दर्शनहि केलें. गिरगांवांतील मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘राजमुकुट’ नाटकांत, म्हणजे शिरवाडकरांनीं मराठींत आणलेल्या ‘मॅक्बेथ’मध्यें, त्यांनीं नायिकेचें काम केलें. पन्नास वर्षें हा व्यवसाय त्यांनीं चालविला.

येथें एका गोष्टीविषयीं आमचा मतभेद आहे. दुर्गाबाई कुलीन घराण्यांतील होत्या म्हणून चित्रपटास प्रतिष्ठा आली, असें पुष्कळदां म्हटलें जातें. त्यांच्या धैर्याबद्दल आम्हांस पूर्ण आदर आहे; पण प्रतिष्ठेचें सारें श्रेय कुळास देणें न्यायाचें नाहीं. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर लवकरच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं होतीं. पोटासाठीं रंगभूमीवर व पडद्यावर उभ्या राहिलेल्या अशा स्त्रियांनीं लोकनिंदा सोसून जी वाट पाडली, तिचाच लाभ मागून येणारांस झाला. त्यांची कष्टाची भाकर कमी पवित्र होती काय? घराणें पाहून मान द्यावयाचा ठरविलें, तर आपण अब्रूची जुनी समजूतच पुन्हां उराशीं धरली असें होईल.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे, कीं मुलाच्या तोंडून नटाचें नांव निघतांच लोक काय म्हणतील हें विचारूं नये; तयारी काय केली आहेस, हें विचारावें. विद्यार्थ्यांसहि तितकेंच सांगणें आहे. पडद्यावरील झगमगाट पाहून जो शाळेस पाठ फिरवील, त्यानें दुर्गाबाईंचें नांव घेऊं नये. त्यांच्यापाशीं शिक्षण होतें, म्हणूनच संकटकाळीं धंदा निवडण्याचें व तो आपल्या अटींवर करण्याचें बळ त्यांस आलें. त्यांचें ‘मी, दुर्गा खोटे’ हें आत्मचरित्र वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं अवश्य वाचावें.

२२ सप्टेंबर १९९१ रोजीं त्या निवर्तल्या. त्यापूर्वीं १९८३ सालचा, चित्रपटक्षेत्रांतील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार त्यांस लाभला होता. तारामतीसाठीं दारोदार हिंडूनहि ज्यांना स्त्री मिळाली नाहीं, त्याच दादासाहेब फाळक्यांच्या नांवें तो दिला जातो.