खाटेखालची बरणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी आम्हाला हाक मारून घरात नेले आणि खाटेखालची प्लास्टिकची बरणी दाखविली. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोके, आत काळा साप, अंगावर पांढरे पट्टे. "पोरगा म्हणतो कवड्या आहे, बिनविषारी. पाळणार आहे म्हणे," ताई म्हणाल्या. बरणीपासून दोन हातांवर धाकटी पोर गोधडीवर झोपली होती.

पोरगा वाईट नाही. वस्तीत साप निघाला की लोक काठ्या घेऊन धावतात, हा मारू देत नाही. याबद्दल आम्हीच त्याचे चारचौघांत कौतुक केले होते. त्या कौतुकानेच तो साप घरी आणू लागला, हेही कबूल केले पाहिजे.

आम्ही वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळविले. आलेल्या माणसाने बॅटरी मारून पाहिले आणि पोराला मागे सरकविले. तो मण्यार होता! कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट असतात. मण्यारचे उलट, ते बहुधा जोडीजोडीने असतात आणि पाठीच्या कण्यावरचे खवले मोठे, षटकोनी. बरणीच्या मळकट प्लास्टिकमधून हा फरक कोणाला दिसणार? तशीच लहान घोणस आणि डुरक्या घोणस यांची गल्लत होते.

मण्यार रात्री फिरतो. त्याचे दात बारीक. दंश फारसा दुखत नाही, खूणही पुष्कळदा सापडत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरचे लोक जेवण बाधले म्हणून ओवा देत बसतात आणि तिकडे श्वास बंद पडू लागतो. म्हणून आमच्या भगिनींना सांगणे आहे, पावसाळ्यात मुलांना खाटेवर झोपवा, नाहीतर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे, भगताकडे नेणे, यातले काही करू नये. माणसाला हलू न देता १०८ ची गाडी बोलवावी व थेट सरकारी दवाखाना गाठावा. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. साप पकडून नेण्याची गरज नाही.

मग बिनविषारी साप पाळावा काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचा साप घरात कोंडणे गुन्हा आहे, धामण असो की दिवड. मोठ्या शहरांतले हौशी लोक परदेशी अजगर विकत आणतात. त्यांतल्या बॉल पायथनसारख्या जातींची आता सरकारदरबारी नोंद करावी लागते. बिनविषारी सापाच्या विष्ठेतूनही जुलाबाचे जंतू पसरतात आणि लहान मुलांना ते फार बाधतात. एका खोलीत चूल, पाण्याचे पिंप आणि बाळाची झोळी असलेल्या घरात ही हौस कुठे मावायची? शिवाय साप कुत्र्यासारखा लळा लावून घेत नाही, आणि दूध तर त्याचे अन्नच नाही.

ती बरणी ताईंनी भंगारवाल्याला दिली. पोरगा आठवडाभर आमच्याशी बोलला नाही. आता बोलतो. परवा नळाजवळ साप निघाला तेव्हा १९२६ त्यानेच लावला, आणि गाडी येईपर्यंत लहान पोरांना लांब उभे करून ठेवले.