न्यूट्रलमधलं बटन

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीहून एका वायरमन वाचकाचं पत्र आलं आहे. गिऱ्हाईक तिसऱ्यांदा परत आलं, म्हणे बटन बंद केलं तरी बल्ब मिणमिणतोच. कंपनी बदलून झाली. शेवटी किट आणून स्वतः बांधलेला ९ वॅटचा बल्ब लावला, तर तोही रात्रभर काजव्यासारखा. ‘एलईडीचा मालच खराब येतोय, मासिकाने आवाज उठवावा,’ अशी त्यांची विनंती आहे. याच मजकुराची पत्रं याआधीही आली आहेत. आवाज उठवायला आमची ना नाही, फक्त तो बल्बवाल्यांविरुद्ध नसेल. माल खराब येतो हे खरं, पण या तक्रारीत दोष बहुतेक वेळा बोर्डात असतो.

बटन न्यूट्रलमध्ये घातलेलं असतं आणि फेज सरळ होल्डरपर्यंत गेलेली असते. ओलसर भिंत, जुनी वायर, पट्टीतून शेजारी शेजारी गेलेल्या तारा यांतून किंचित करंट वाट काढतो आणि ड्रायव्हरचा इनपुट कपॅसिटर हळूहळू भरत राहतो. साठच्या पिवळ्या बल्बला एवढ्याशा करंटचा पत्ताही लागत नसे. म्हणून वीस-तीस वर्षांची चुकीची वायरिंग बिनबोभाट चालून गेली. एलईडी आला आणि ती दिसू लागली. त्यावर आपल्यातले काहीजण काय करतात? बल्बला समांतर एक कपॅसिटर टाकतात, मिणमिण थांबते, गिऱ्हाईक खूश. होल्डरवरचे २३० व्होल्ट जिथल्या तिथे.

मिणमिण दिसली म्हणजे बटन उलटच, असंही नाही. निऑन इंडिकेटरचं बटन असेल किंवा जिन्याची टू-वेची लांब वायर असेल, तर बरोबर वायरिंगमध्येही हे होतं. म्हणून आधी बल्ब काढा, बटन बंद ठेवा आणि होल्डरच्या दोन्ही पिना टेस्टरने बघा. एकही पेटता कामा नये. अंधुक पेटला तर टेस्टरवर विसंबू नका. त्या पिनेपासून अर्थिंगला टेस्ट लॅम्प लावा. झगझगीत लागला तर बटन न्यूट्रलमध्ये आहे. आरसीसीबी ट्रिप झाली तरी उत्तर तेच.

सिंगल पोल बटन आणि फ्यूज फेजमध्येच हवेत, हे कालपरवाचं फर्मान नाही. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधला ३२ वा नियम हेच सांगत होता. न्यूट्रल तोडायचीच असेल तर फेजसोबत एकाच वेळी तुटेल असं जोडबटन हवं. २०१० च्या आणि त्यानंतर २०२३ च्या केंद्रीय विनियमांतही हे तत्त्व कायम आहे. तरी आजही जुन्या घरात मीटरखाली चिनीमातीचे दोन किटकॅट दिसतात, एक फेजला, एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा उडाला की घर ‘बंद’ पडतं आणि प्रत्येक पॉइंट जिवंत राहतो. घरधनी स्टुलावर चढतो तो नेमका तेव्हाच.

मग हे तपासायचं कुणी? नवीन कनेक्शनच्या अर्जासोबत परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. नियम म्हणतो, ५०० व्होल्टचा मेगर एक मिनिट लावा, इन्सुलेशन निदान १ मेगओहम हवं. पोलॅरिटी टेस्ट आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री दोघांनाही शिकवतात. आणि प्रत्यक्षात? रिपोर्ट सही-शिक्क्यासह आधीच तयार, घराचा पत्ता नंतर भरायचा. मेगओहमचे आकडे घरोघरी सारखेच. मातीच्या भिंतीचं घर असो की स्लॅबचं, भर पावसाळ्यात दोघांचं इन्सुलेशन एकच कसं येतं, हा प्रश्न तो कागद घेणाऱ्या साहेबांना कधी पडत नाही. मात्र झेरॉक्स पुसट असली किंवा नावात वेलांटी चुकली, तर अर्ज परत. कागद स्पष्ट हवा, तार कुठेही जावो! सही विकणारे आपल्यातलेच आहेत, हेही इथेच नोंदवून ठेवतो. शंभर-दोनशे रुपयांत परवाना भाड्याने देणाऱ्याला साहेबांवर बोट दाखवायचा हक्क नाही.

घरी बांधलेल्या दिव्यांचं आणखी निराळं आहे. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या प्रकल्पातून खेड्यापाड्यांत अनेकांच्या हातात सोल्डर आली, हे चांगलंच झालं. तो दिवा काही व्होल्टच्या बॅटरीवरचा. बटन चुकलं तर फार तर उजेड पडणार नाही. तेच हात आता २३० व्होल्टची डीओबी प्लेट पाइपात बसवताहेत. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडलेला बल्ब पुढे ४० रुपयांच्या आत आला. स्वस्ताईच्या या शर्यतीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर परवडेनासा झाला. त्यामुळे डीओबीचा प्रत्येक सोल्डर पॉइंट मेनशी थेट जोडलेला असतो. प्लेटच्या अॅल्युमिनियममध्ये आणि ३२५ व्होल्टच्या पीकमध्ये फक्त एक पातळ थर. स्क्रू थोडा तिरका बसला की बॉडी जिवंत.

अशा दिव्याच्या वायरीत मध्येच एक छोटं इनलाइन बटन आणि टोकाला टू-पिन. इथे फेज कोणत्या तारेत येईल हे बांधणाऱ्याच्या हातात उरतच नाही. प्लग उलटा घातला की फेज न्यूट्रलच्या जागी. टू-पिनवर सिंगल पोल बटन म्हणजे नाणेफेक. डबल पोल बटन घाला, नाहीतर तीन कोरची ०.७५ ची वायर आणि थ्री-पिन. सॉकेटकडे तोंड केलं तर उजवीकडे फेज असते, तीही गृहीत धरू नका, बघून घ्या. बटनात फक्त फेज तोडा, न्यूट्रल अखंड जाऊ द्या. बाहेरचं आवरण बटनाच्या आत येऊन पट्टीखाली दाबलं गेलं पाहिजे. ओढ वायरीवर यावी, टर्मिनलवर नाही. तारांचे केस पिळून, दुमडून स्क्रूखाली घ्या, एकही बाहेर नको. बॉडी धातूची असेल तर अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग खरवडा, नाहीतर ते अर्थिंग नावापुरतंच. गोठ्यात आणि न्हाणीत डीओबी नकोच, आयसोलेटेड ड्रायव्हर लावा.

सोयाबीन-तुरीच्या राखणीला फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर दिवे करून देणाऱ्यांनाही एक सांगणं. शॉक लागणार नाही म्हणून फ्यूज गाळू नका. ती बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल करते. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनललगत हवा. आणि एसीचं बटन डीसीवर त्याच अँपिअरला चालतं असं समजू नका, डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही.

इंझोरीच्या वाचकमित्रा, त्या गिऱ्हाइकाकडे चौथ्यांदा जा, बल्ब न घेता. बोर्ड उघडा, बटन फेजमध्ये घ्या, मजुरी रीतसर मागा. इतरांनीही या महिन्यात आपापल्या जुन्या गिऱ्हाइकांचे होल्डर टेस्टरने बघून घ्यावेत. टेस्ट रिपोर्टवर पॉइंटनिहाय पोलॅरिटी, मेगरचा अनुक्रमांक आणि प्रत्यक्ष भेटीची तारीख सक्तीची करावी, असं निवेदन आम्ही विद्युत निरीक्षकांना देत आहोत. नमुना शेवटच्या पानावर आहे. सही, परवाना क्रमांक आणि तालुका लिहून महिनाअखेर पाठवा. ज्यांनी आजवर कोऱ्या रिपोर्टवर सह्या दिल्या, त्यांची सही आम्हाला आधी हवी आहे.