कावडीतले म्हातारपण

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत वृद्धांना उपदेश करणारा मजकूर हल्ली नेहमी आढळतो. छंद जोपासावा, पहाटे फिरावे, हास्यमंडळात जावे, नातवाकडून मोबाईल शिकून घ्यावा. या उपदेशात गैर काही नाही. तथापि तो ज्याला उद्देशून असतो तो वृद्ध ‘निवृत्त’ झालेला असतो. म्हणजेच त्याला कधीकाळी नोकरी होती. हिमायतनगर तालुक्यात जन्मभर कापूस वेचणाऱ्या बाईला निवृत्तीची तारीख नसते. ज्या दिवशी कंबर वाकत नाही त्या दिवशी ती कामातून जाते, आणि त्याच दिवसापासून घरात तिचे मत विचारणेही बंद होते. तिला ना निरोपसमारंभ, ना निवृत्तिवेतन.

पैनगंगेच्या या काठावर दसरा-दिवाळी आटोपली की अनेक वाड्या-तांड्यांवरची कर्ती माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा हैदराबादेकडे बांधकामावर निघून जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि शेरडे. ओसरीवर बसलेल्या वृद्धाला कसे काय चालले आहे असे विचारले, तर गुडघ्याचे दुखणे तो नंतर सांगेल. आधी म्हणेल, ‘करमंना गेलंय.’ या उद्गाराला रिकामपणाचा कंटाळा समजून बाजूला सारणे हा सुखवस्तू गैरसमज आहे. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही जाणीव त्यात आहे. तिच्यावर पत्त्यांचा डाव किंवा दूरदर्शन संच हा उतारा नव्हे.

याचे खापर पोरांच्या माथी फोडण्याची रीत जुनी आहे. संस्कार उरले नाहीत, सुना ऐकत नाहीत, असा विलाप व्यासपीठावरून ऐकू येतो. आईवडिलांना पोसण्याचे नाकारणाऱ्यांसाठी २००७ सालचा कायदा आहे, आणि तो असावयासच हवा. परंतु जो नाकारीत नाही, त्याचे काय? मुकादमाकडून उचल घेतलेला मुलगा आईजवळ चार घटका बसण्याचे ठरवू शकत नाही. त्याचा हिवाळा आधीच विकला गेलेला असतो. ज्याचा स्वतःच्या वेळेवर अधिकार नाही, त्याने आईला वेळ द्यावा असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय.

शासनाची दृष्टी तर योजनेच्या नावातच उघड झाली आहे. ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’! पुराणातील श्रावणाने अंध मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेले. कथा हृद्य आहे. परंतु कावडीत बसलेल्या माणसाला कितीही आदराने वाहिले तरी तो अखेर भारच असतो. या योजनेचा लाभ घ्यावयाचा तर वय ६५ वर्षे असावे लागते आणि वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला १,७५० रुपयांच्या आत. त्याहून अधिक मिळविणारे कुटुंब शासनाच्या लेखी गरजू नव्हे. २०२३ पासून अनुदान महिना १,५०० रुपये झाले. दिवसाला ५० रुपये. ८० वर्षांखालील वृद्धामागे केंद्राचा वाटा दीड दशकाहून अधिक काळ २०० रुपयांवरच थांबला आहे. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला. वृद्धाला ठाऊक असलेल्या असंख्य गोष्टींपैकी शासनाला हवी असलेली एकच, ती म्हणजे तो अद्याप मेलेला नाही!

२०२४ साली तर कावड अक्षरशः उचलली गेली. मुख्यमंत्री तीर्थ दर्शन योजनेत एका ज्येष्ठाच्या एका यात्रेसाठी ३०,००० रुपयांपर्यंत खर्चाची मर्यादा ठरली. म्हणजे वीस महिन्यांच्या अनुदानाइतकी. तीर्थाला जाण्याची इच्छा कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण तीर्थाहून परतल्यावर ओसरी तीच आणि दुपारही तीच.

याउलट ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला. या सवलतीने वृद्धाला कोणी वाहून नेले नाही. कोठे जावयाचे हे त्याने स्वतः ठरविले. भोकरला दिलेल्या लेकीकडे, हदगावच्या बाजाराला, किनवटच्या जुन्या सोबत्याकडे. करमण्याचा मार्ग असा स्वाधीनतेतून जातो. रेल्वेने मात्र मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढून घेतली. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर हिमायतनगरचे स्थानक आहे, गाडी थांबते. परंतु म्हाताऱ्याला तिकीट पुरे मोजावे लागते.

दोष केवळ सत्ताधाऱ्यांचा नाही, पुरोगाम्यांचाही आहे. ज्या जनता सरकारात समाजवादी सहभागी होते, त्याने २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला तो १५ ते ३५ वयोगटासाठी. छत्तिशी उलटलेल्याने शिकून काय करावयाचे, हा हिशेब उत्पादनाचा होता, माणसाचा नव्हता. तेव्हा वगळलेले जे आज हयात आहेत, त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्या हिशेबाला उत्तर दिले ते ठाणे जिल्ह्यातील फांगणे या लहानशा गावाने. तेथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी साठी ते नव्वदीच्या, आणि शिकविणारी गावातलीच सून. त्या आजीबाईंना अक्षरांतून नोकरी मिळवावयाची नव्हती. अंगठ्याच्या जागी स्वतःचे नाव लिहावयाचे होते.

म्हातारी माणसे नातवंडे सांभाळतात, शेरडे राखतात, मग त्यांना रिकामपण कोठले, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप खरा आहे, आणि त्यातच दुखणे आहे. त्यांच्याकडून काम घेतले जाते, सल्ला घेतला जात नाही. कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात टिकत असे, पांदण कोणाच्या बांधावरून जात होती, हे त्यांना ठाऊक असते; आणि ग्रामसभेत आराखडा मात्र त्यांना न विचारता वाचला जातो.

म्हणून मागणी दयेची नसावी. गावोगावच्या वाचनालयांना पुरेसे अनुदान मिळावे; ती दुपारी उघडी राहावीत; ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेथे रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जावे, मराठीबरोबर उर्दूही. निजामाच्या राजवटीत वाचनालय काढणे संशयास्पद मानले जाई, कारण चार माणसे एकत्र बसली की बोलू लागतात. १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस स्वतः पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांना झेंडावंदनाला शाल देऊन घरी पाठविण्याऐवजी शाळेत बोलावून मुलांसमोर बोलते करावे. ग्रामसभेच्या आराखड्यावर वृद्धांचे म्हणणे आधी नोंदविले जावे. महिन्याचे अनुदान किमान वेतनाशी जोडले जावे. आणि मजुराच्या मुलाला गावातच काम मिळावे, म्हणजे संध्याकाळी ओसरीवर दुसरे माणूस असेल.

श्रावणाच्या मातापित्यांनी अखेर पाणी मागितले होते. हिमायतनगरच्या ओसरीवरची म्हातारी पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट मागते आहे: कावड खाली ठेवा, आणि वाट कोणती धरावयाची हे तिलाही विचारा.