गणवेश एक, मग न्याय दोन का?

खारदांड्याच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो. त्याच दिवशी बहिणीने बांधलेली राखी भावाच्या मनगटावर पुढे कित्येक दिवस राहते. दर्यावर जाणाऱ्या बापाला त्या राखीबद्दल कोणी जाब विचारीत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाचे मात्र तसे नाही. देशातील अनेक शाळांत सणाच्या दुसऱ्या दिवशी राखी, मेंदी आणि टिकली हे शिस्तभंगाचे पुरावे ठरतात. ही कोणाची कल्पना नव्हे. ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांच्या शिक्षण विभागांना पत्र पाठविले आणि सणांच्या दिवसांत राखी, टिळा, मेंदी यांवरून मुलांना शिक्षा होणार नाही याची दक्षता घेण्यास सांगितले. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करणारे शिक्षण हक्क कायद्याचे १७वे कलम २००९पासून अस्तित्वात आहे. तरीही आयोगाला असे पत्र लिहावे लागले, यातच सारे आले.

मुलीच्या कपाळावरची टिकली पुसली जाते तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी मौन पाळतात. बुरख्याचा प्रश्न निघाला की तीच मंडळी राज्यघटनेची पाने उलटू लागतात. या दुटप्पीपणाबद्दलचा सामान्य हिंदू पालकाचा राग रास्त आहे. मात्र नुसत्या रागाने नियम बनत नाही. शाळेत धार्मिक चिन्हांना कितपत वाव असावा, या प्रश्नाला हिंदू समाजानेही सुसंगत उत्तर दिले पाहिजे.

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत दोनदा न्यायालयाच्या दारी गेला आहे. कुर्ल्यातील एका शाळेत डोक्याला रुमाल बांधण्यास मनाई झाली, तेव्हा एका विद्यार्थिनीच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. जेथे केवळ मुलीच शिकतात तेथे अशा मनाईने धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने २००२मध्ये दिला. पुढे चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ले यांना मनाई करणारी वेशसंहिता लागू केली. तिच्याविरुद्ध नऊ विद्यार्थिनींनी केलेली याचिका उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी फेटाळली. नियम सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना सारखाच आहे, हे न्यायालयाने ग्राह्य धरले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. संजीव खन्ना व न्या. संजय कुमार यांच्या खंडपीठाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब, टोपी व बिल्ले यांवरील मनाईला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. सुनावणीत खंडपीठाने एक प्रश्न विचारला : टिळा लावणाऱ्या वा टिकली लावणाऱ्या विद्यार्थिनीलाही महाविद्यालय अडविणार आहे काय? अनेकांना हा प्रश्न झोंबला. वास्तविक त्याने झोंबण्याचे कारण नाही. त्याला तर्कशुद्ध उत्तर आहे आणि ते दिलेच पाहिजे.

गणवेश कशासाठी असतो, येथून उत्तराचा आरंभ होतो. खारदांड्यात एका बाजूस मासळी सुकविणाऱ्यांची घरे आहेत, तर हाकेच्या अंतरावर कोट्यवधींची सदनिका असलेले मनोरे. दोन्हीकडची मुले एका बाकावर बसली, तर कोणाच्या बापाची होडी आहे आणि कोणाच्या बापाची मोटार, हे कपड्यांवरून कळू नये, ही गणवेशामागची समरसतेची दृष्टी आहे. गणवेशाने मूल एका शाळेचे होते. त्यासाठी ते आपल्या घरचे असण्याचे थांबण्याची गरज नाही.

म्हणून कसोटी चिन्हाच्या धर्माची नको. ते चिन्ह गणवेशाचे काय करते, याची हवी. ते गणवेश किंवा चेहरा झाकते काय? प्रयोगशाळेत वा मैदानावर त्यापासून धोका आहे काय? त्यामुळे इतर मुलांवर तसेच वागण्याचे दडपण येते काय? टिकली, राखी, गळ्यातला क्रूस, दंडावरचा ताईत, शीख मुलाचे कडे यांना या तिन्ही कसोट्या लावून पाहाव्यात. एकही चिन्ह अडत नाही. बुरखा व नकाब पहिल्याच कसोटीवर अडतात. फेब्रुवारी २०२२मध्ये कर्नाटकात हिजाबला उत्तर म्हणून विद्यार्थ्यांनी खांद्यावर घेतलेल्या भगव्या शाली तिसऱ्या कसोटीवर अडतात, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. भगवा हा त्यागाचा रंग आहे. वर्गात कोणाला खिजविण्यासाठी त्याचा वापर करणे हा त्या रंगाचाच अवमान होय.

खरा वाद उरतो तो डोक्यावरच्या रुमालाचा. तो चेहरा झाकीत नाही, हे खरे. पण तिसरी कसोटी त्याच्याच बाबतीत सर्वांत महत्त्वाची ठरते. वर्गातील निम्म्या मुलींनी रुमाल बांधला, की उरलेल्या निम्म्यांना घरी व मोहल्ल्यात जाब विचारला जातो. ज्या मुलीला तो बांधायचा नाही, तिच्या बाजूने उभा राहणारा एकमेव आधार म्हणजे शाळेचा नियम. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाळणीवरील आपल्या ग्रंथात पडदा पद्धतीच्या दुष्परिणामांची परखड चिकित्सा केली होती. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. सात ही संख्या लहान होती. तिच्यामागचे धैर्य लहान नव्हते. आज महाराष्ट्रातील पुरोगाम्यांना त्या सात जणींचे विस्मरण झाले आहे.

यावर आक्षेप येतो, की मनाईमुळे मुलींचे शिक्षणच सुटेल. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी कर्नाटक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, तेव्हा न्या. हेमंत गुप्ता यांनी मनाई उचलून धरली, तर न्या. सुधांशू धुलिया यांनी हीच चिंता व्यक्त केली. ही चिंता उडवून लावण्याजोगी नाही. म्हणूनच नियम प्रवेशाच्या वेळी लेखी सांगितलेला असावा. तो सत्राच्या मध्यात अचानक लादला जाऊ नये आणि कोणत्याही मुलीला फाटकावर अडवून तिचा तमाशा होऊ नये. मुलगी शाळेत टिकली पाहिजे आणि मोकळ्या मनाने टिकली पाहिजे.

जगातील न्यायालयांनीही असाच विवेक केलेला दिसतो. इंग्लंडमधील ल्यूटन येथील शाळेच्या गणवेशात सलवार-कमीज होताच. तरीही एका विद्यार्थिनीने पायघोळ जिलबाबचा हट्ट धरला. मार्च २००६मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायपीठाने शाळेचा नियम मान्य केला. २००८मध्ये मात्र वेल्समधील शीख मुलीला कडे घालण्याचा अधिकार लंडनच्या उच्च न्यायालयाने दिला, कारण ते लहान होते आणि सहसा बाहीखाली झाकलेले राही. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या शाळेत एका हिंदू मुलीच्या नाकातील चमकीला मनाई झाली होती. ऑक्टोबर २००७मध्ये तेथील घटनापीठाने त्या मुलीच्या बाजूने कौल दिला. याउलट फ्रान्सने मार्च २००४च्या कायद्याने सरकारी शाळांतून ठळक धार्मिक चिन्हे हद्दपार केली आणि त्यात शिखांची पगडीही गेली. भारताने आदर्श घ्यायचा तो पहिल्या मार्गाचा. घटनेच्या २५व्या कलमाच्या स्पष्टीकरणातच शिखांच्या कृपाणाला मान्यता देणारा हा देश फ्रान्सची नक्कल करू शकत नाही.

डर्बनमधील चमकीचा ज्यांना आनंद झाला, त्यांनी आपल्या संस्थांच्या शाळांत ख्रिस्ती मुलाच्या गळ्यातील क्रूसाकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे. मिशनच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकरांना शिकविले, याबद्दल कृतज्ञता असावी. पण कृतज्ञतेपोटी लेकीची टिकली पुसून देण्याचे कारण नाही. घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा अधिकार दिला आहे, मुलांचे संस्कार पुसण्याचा नव्हे.

दांड्याच्या कोळ्याला ठाऊक असते, की जाळ्याचा आस फार बारीक ठेवला तर पिलेही अडकतात आणि दर्या ओस पडतो. जाळे फाटके असेल तर हाती काहीच लागत नाही. शाळेच्या नियमाचेही तसेच आहे. पालकांनी प्रवेशापूर्वी नियमावली वाचावी. टिकली वा राखीला मनाई असेल, तर पालक-शिक्षक संघात लेखी हरकत घ्यावी आणि उत्तर लेखीच मागावे. शिक्षकांशी अरेरावी नको आणि वर्गात घोषणा तर मुळीच नकोत. जो नियम आपल्या मुलासाठी मागायचा, तोच शेजारच्या बाकावरील मुलासाठीही मागावा. इतके केले, की टिकलीबद्दल न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नाला मान खाली न घालता उत्तर देता येईल.