गांजा ओढणाऱ्या पोराला गुन्हेगार ठरवू नका

मुळशीतल्या गाववाल्यांनो, आयाबहिणींनो, आणि कॉलेजला नि कंपनीत जाणाऱ्या पोरापोरींनो,

गांजाचं नाव आपल्याकडे दबक्या आवाजात घेतलं जातं. ज्याच्या घरात हा प्रश्न आला तो लाजेनं बोलत नाही. ज्याच्या घरात आला नाही त्याला वाटतं, हा शहरातल्या बड्या बापांच्या पोरांचा नाद. पण भूगाव-भुकूमच्या भाड्याच्या खोल्या, हिंजवडी-माणचे पीजी, पिरंगुटला पाळीवर जाणारी पोरं, धरणाकाठचे फार्महाऊस, यांतलं कुणीही आता गांजापासून लांब आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. म्हणून हे उघडपणे बोलू या.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःपुरता गांजा ओढणं ही वाईट सवय आहे, काहींच्या बाबतीत आजार आहे, पण तो फौजदारी गुन्हा नसावा. गांजा विकणं, शाळकरी पोरांच्या हातात देणं हा गुन्हा आहे आणि तो राहिलाच पाहिजे. कायदा बदलत नाही तोवर आहे तो कायदा घराघरात माहीत हवा, कारण न कळता त्यात अडकणारी पोरं आपलीच आहेत.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. अमली पदार्थांचा केंद्राचा कायदा १९८५ सालचा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. झाडाच्या शेंड्याला येणारी फुलं-बोंडं म्हणजे गांजा, आणि त्याचा चीक म्हणजे चरस. या दोन्हींवर हा कायदा लागतो. नुसत्या पानाची भांग यात येत नाही, तिच्यावर राज्याराज्यांचे वेगळे नियम आहेत. गांजा ओढला म्हणून कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जवळ बाळगला म्हणून कलम २० खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही शिक्षा एक किलोपर्यंतच्या गांजाला. त्याच्या वर दहा वर्षांपर्यंत, आणि वीस किलोच्या वर किमान दहा आणि कमाल वीस वर्षं. दारात, गच्चीवर, कुंडीत झाड लावलं तर ती लागवड, आणि तिला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "एकच तर रोप होतं" ही सबब कोर्टात चालत नाही.

यातली पहिली खोट त्या एक किलोतच आहे. खिशात दहा ग्रॅमची पुडी घेऊन फिरणारा पोरगा आणि नऊशे ग्रॅमच्या पुड्या बांधून टपरीमागं विकणारा माणूस, दोघं कायद्याच्या लेखी एकाच रकान्यात बसतात. विकणारा हे पक्कं ओळखून असतो आणि एका वेळी किलोच्या आत माल ठेवतो. पोरगा मात्र काहीच ओळखून नसतो.

त्याचं पुढं काय होतं, तेही जवळून बघा. रात्री नाकाबंदीत दुचाकी थांबवली जाते. खिशातून पुडी आणि गांजा वळून ओढायचे गोगो पेपर निघतात. दोन पंच बोलावले जातात, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होतं, पाकिटात घालून लाखेचं सील लागतं, पंचनाम्यावर सह्या होतात आणि नमुना तपासायला प्रयोगशाळेकडे जातो. पोराचा मोबाईल मुद्देमालात जमा होतो. घरी निरोप जातो तेव्हा आई देवासमोर बसते आणि बाप ओळखीचा माणूस शोधत फिरतो. पुढं तारखा सुरू होतात. बहुतेक जण वैतागून गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि सुटलो म्हणतात.

पण तिथं सुटका होत नाही. मुळशीत पहाटे टेकडीवर पळणारी कितीतरी पोरं पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीच्या अर्जात दाखल गुन्हा लिहावा लागतो, लपवला तर चारित्र्य पडताळणीत निघतो. एमआयडीसीतल्या कंत्राटदाराला पोलिसांचा दाखला लागतो. आयटी कंपनी नेमणुकीआधी माग काढते. पासपोर्टला पुन्हा तीच चौकशी. दंड काही हजारांचा असतो, पण शिक्षा पुढं कित्येक वर्षं चालते, आणि ती न्यायाधीशानं दिलेलीच नसते.

कोठडीही हलक्यात घेऊ नका. २०२० साली अभिनेत्री रिया चक्रवर्ती हिच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र असल्याचं म्हटलं. म्हणजे थोडक्या गांजासाठीही जामीन हा हक्क म्हणून मिळेल असं धरून चालू नका. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या क्रूझवरच्या कारवाईत एका बड्या नटाचा मुलगा आर्यन खान पकडला गेला. त्याच्याजवळ काही सापडलं नव्हतं, वकील देशातले नामांकित होते, तरी बाहेर यायला जवळजवळ चार आठवडे लागले. पुढं मे २०२२ मध्ये आरोपपत्रात त्याचं नावच नव्हतं. ज्याच्या बापाची दोन गुंठे जमीन उरली आहे, त्या पोराचं काय होईल?

आणि तो आत कुणाच्या संगतीत जातो? २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमा आला तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं आपल्या तालुक्याची दुखरी नस पाहिली. जमीन गेली, पैसा आला आणि उडाला, पोरं टोळ्यांच्या नादी लागली. त्या टोळ्यांना माणसं कुठं भेटतात, हे मुळशीकराला सांगायला नको. पुडीसाठी येरवड्याच्या तुरुंगात गेलेला पोरगा बाहेर येताना व्यसन सोडून येत नाही. उलट चार नवे भाई ओळखीचे करून येतो.

काही जण म्हणतील, धाक गेला तर सगळीच पोरं ओढायला लागतील. ही भीती खोटी नाही, म्हणून तिला नीट उत्तर दिलं पाहिजे. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेली देशभराची पाहणी २०१९ साली आली. त्यात वर्षभरात गांजा किंवा चरस घेतलेली माणसं सुमारे १.३ कोटी निघाली. म्हणजे चौतीस वर्षांच्या धाकानंतरही एवढी माणसं ओढतच होती. पोर्तुगालनं २००१ साली थोडा अमली पदार्थ जवळ बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. पकडलेला माणूस तिथं कायदा, आरोग्य आणि समाजकार्यातल्या माणसांच्या समितीपुढं जातो, आणि गरज असेल तर त्याला उपचारांकडे वळवतात. सगळा देश नशेत बुडेल असं जे भाकीत होतं ते खरं झालं नाही. उलट थायलंडनं २०२२ मध्ये गांजा एकदम मोकळा केला. रस्तोरस्ती दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये त्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. यातून घ्यायचं ते एवढंच की ओढणाऱ्याला तुरुंगातून वाचवा, पण विकायला दुकानं उघडू नका.

आपल्या देशालाही हे नवं नाही. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारनं भांग-गांजावर आयोग नेमला. त्यानं देशभरातल्या हजाराहून जास्त साक्षी घेतल्या. बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक आहे, सरसकट बंदीपेक्षा कर आणि नियंत्रण बरं, असा त्याचा निष्कर्ष होता. अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, स्वतःपुरत्या थोड्या अमली पदार्थासाठी तुरुंगाऐवजी उपचार असावेत, अशी सूचना केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानंच केल्याच्या बातम्या होत्या. कायदा अजून तसा बदललेला नाही.

आता पोरांनो, तुमच्याशी. गुन्हा नसावा म्हणतो, याचा अर्थ गांजा चांगला असा काढू नका. "झाडपाला आहे, शंकराचा प्रसाद आहे" हे बोलणं सोडा. विशी-पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो, त्या वयात रोज ओढलं की अभ्यास, लक्ष, उमेद सगळं ढासळतं. ज्याच्या घराण्यात मानसिक आजार आहे त्याला भास, संशय, वेड लागल्यासारखी अवस्था येऊ शकते, आणि ती दर वेळी नशा उतरल्यावर जातेच असं नाही. ओढून ताम्हिणी घाटात गाडी घालणं म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या जिवाशी खेळणं. आणखी एक लक्षात ठेवा. चौघांनी वर्गणी काढली आणि एकानं माल आणला, की तो एकटा कायद्यापुढं नुसता ओढणारा राहत नाही. आणणं, नेणं, दुसऱ्याला देणं हेही कायद्यात बसतं. "मित्रांसाठी आणला होता" हा बचाव नव्हे, ती कबुली आहे.

झडती झाली तर पळू नका, हुज्जत घालू नका. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यापुढं किंवा दंडाधिकाऱ्यापुढं व्हावी असं मागण्याचा हक्क कलम ५० देतं. मुलीची झडती बाईमाणसानंच घ्यायची असते. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. कोठडीतल्या कुठल्याही माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे. अठराच्या आतलं पोर असेल तर त्याला बाल न्याय मंडळापुढंच न्यावं लागतं. आणि "मिटवून घेऊ" म्हणणाऱ्या मधल्या माणसाला पैसे देऊ नका. एकदा दिलेत की मागणारा परत येतो.

आईबापांनो, पोराच्या खिशात पुडी सापडली तर पहिल्या दिवशी पट्टा काढू नका. कोण देतं, किती दिवस, कशासाठी, हे शांतपणे विचारा. त्याला सवय सोडवत नसेल तर उशीर करू नका. याच कायद्यात कलम ६४अ आहे. थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करील, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण जाऊ शकतं. वकिलाला या कलमाबद्दल तुम्हीच विचारा.

याच कलमात दुसरी खोट दिसते. व्यसनी माणसाला हा दरवाजा उघडा आहे, पण मित्रांच्या नादानं एकदाच झुरका मारलेल्याला तो बंद आहे, कारण तो व्यसनी नाही. ज्याचा अपराध सगळ्यात हलका, त्यालाच माफी नाही. हे न्यायाचं आहे का, तुम्हीच सांगा.

मदतीला माणसं आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आजही काम करतं. तिथं माणसाला आजारी समजून वागवतात, आणि घरच्यांनाही सोबत घेतात. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक आहे, तो फ्रिजवर लिहून ठेवा. मारझोड करून, साखळीनं बांधून व्यसन सोडवतो म्हणणाऱ्याच्या दारात पोराला टाकू नका. नोंदणी विचारा, डॉक्टर कोण ते विचारा.

फार्महाऊस आणि खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना वेगळं सांगतो. २००७ च्या मार्चमध्ये होळीच्या रात्री सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्यात पोलिसांनी पार्टीवर छापा घातला आणि पावणेतीनशेच्या आसपास तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं. तोंडावर रुमाल-ओढण्या घेतलेल्या त्या पोरांचे फोटो देशभर छापून आले. त्या रात्रीनंतर पार्ट्या थांबल्या नाहीत, जागा बदलत राहिल्या. आपली जागा त्यांतली होऊ देऊ नका. कलम २५ सांगतं, माहीत असून जागा वापरू दिली तर मालकालाही त्या गुन्ह्याइतकीच शिक्षा. शनिवार-रविवारचं भाडं घेऊन डोळे मिटू नका. कोण येतंय, किती जण, हे वहीत लिहा, ओळखपत्रं घ्या.

शेवटची विनंती सरपंचांना, पोलीस पाटलांना आणि बचतगटाच्या बायकांना. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि तीन गोष्टींचा ठराव करा. एक, गावात गांजा विकणाऱ्याची खबर गाव पोलिसांना देईल, मग तो कुणाचाही पाहुणा असो. दोन, ओढणाऱ्या पोराला गाव आधी उपचाराला नेईल, त्याच्या घराला वाळीत टाकणार नाही. तीन, स्वतःपुरता थोडा गांजा बाळगणं वेगळ्या वजनानं मोजावं, त्याला अटक आणि कायमची नोंद नसावी, माल जप्त व्हावा आणि समुपदेशन सक्तीचं व्हावं, अशी मागणी आपल्या भागाच्या खासदारांनी संसदेत मांडावी. कायदा दिल्लीत बदलतो, तेव्हा ठरावाची प्रत बारामतीच्या खासदारांकडे पोच घेऊन द्या आणि पोचपावती ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावा. पुढच्या ग्रामसभेत उत्तर आलं का, एवढं विचारायला विसरू नका.