प्रमाणपत्र भिंतीवर, कुलूप दारावर

कराचीच्या बलदिया टाउनमधल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये 'एसए ८०००' हे प्रमाणपत्र मिळालं. कामगारांचे हक्क, आरोग्य आणि सुरक्षितता या बाबतींत कारखाना जगन्मान्य निकषांना उतरतो, असा त्याचा अर्थ. प्रमाणपत्र देणारी संस्था इटलीतली, नावाजलेली. जेमतेम तीन आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या आणि बाहेर पडायची दारं बंद. ही आग खंडणीसाठी मुद्दाम लावण्यात आली, असा निकाल २०२० मध्ये पाकिस्तानातल्या न्यायालयाने दिला. तो मान्य करू. पण जाळ्या आणि कुलपं काही खंडणीखोरांनी बसवली नव्हती. ती प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी दिसायला हवी होती.

कपड्यांच्या धंद्यातल्या श्रमांचा विषय निघाला की काही ठरावीक उत्तरं हजर असतात. सगळ्यात आधी येतं ते 'आता सगळीकडे ऑडिट होतं' हे. ऑडिट होतं, हे खरंच आहे. कसं होतं, ते मात्र पाहण्यासारखं असतं. तारीख बहुतेक वेळा आधी कळलेली असते. त्या दिवशी जिन्यातले खोके हलतात, मास्क आणि हातमोजे वाटले जातात, कोवळ्या वयाच्या पोरांना सुट्टी मिळते. हजेरीपट दोन असतात, एक खरा आणि एक पाहुण्यांसाठी. काय विचारतील आणि काय सांगायचं, हे लाइन सुपरवायझरने पढवलेलं असतं. आणि ऑडिटचं बिल पुष्कळदा कारखानाच भरतो. परीक्षेची तारीख आधी ठाऊक आणि परीक्षकाचं मानधन परीक्षार्थीच्या खिशातून. अशा परीक्षेत नापास कोण होणार? बांगलादेशात २०१३ मध्ये कोसळलेल्या राणा प्लाझा या इमारतीतल्या एका कारखान्याची तपासणीही एका जर्मन कंपनीने केलेलीच होती. इमारतीचा सांगाडा बघणं आमच्या कामात येत नव्हतं, हा त्यावरचा खुलासा. कागदोपत्री तो बिनचूकही असेल.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे, कारण ते अर्थशास्त्रातून येतं. वाईट नोकरी ही नोकरी नसण्यापेक्षा बरी. शेतमजुरी किंवा घरकामाच्या मानाने शिलाई मशीनवरची बाई चार पैसे जास्त मिळवते. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९७ मध्ये स्वस्त मजुरीची बाजू घेणारा लेख लिहिला, त्याचा गाभा हाच. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बांगलादेशात सुमारे चाळीस लाख लोक या धंद्यावर जगतात, त्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत आणि महिन्याच्या पगारामुळे त्यांच्या घरातल्या शब्दाला किंमत आली, हे कोणीही नाकारू नये.

पण या युक्तिवादाला २३ एप्रिल २०१३ ची संध्याकाळ विचारावी. ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझाच्या भिंतींना आणि खांबांना त्या दिवशी तडे गेले. आठ मजली इमारत. वरचे मजले बेकायदा चढवलेले, त्यांवर पाच कपड्यांचे कारखाने आणि जडशीळ जनरेटर. इमारत रिकामी झाली. खालच्या मजल्यावरच्या बँकेने दुसऱ्या दिवशी आपली माणसं बोलावली नाहीत, दुकानं बंद राहिली. शिलाईवाल्यांना मात्र बोलावणं गेलं. आला नाहीत तर पगार अडकेल, असं सांगितलं गेलं. २४ तारखेला सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली, अडीच हजारांवर जखमी झाली. एकच इमारत, तोच तडा. बँकेच्या कारकुनाला घरी राहता आलं, ओव्हरलॉक मशीनवरच्या मुलीला आलं नाही. प्रश्न नोकरी असण्या-नसण्याचा नव्हताच. त्या सकाळी 'आत जाणार नाही' असं म्हणून नोकरी टिकवता येत होती का, हा होता. वाईट नोकरीचं समर्थन करणारे या प्रश्नापाशी थांबतच नाहीत.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. असे कपडे घेऊच नका, बहिष्कार टाका, असं म्हणणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो. परिणामाची जबाबदारी मात्र दुसऱ्याच कुणावर पडते. १९९२-९३ च्या सुमारास अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीच्या मालावर बंदी घालणारं विधेयक मांडलं. ते मंजूर कधीच झालं नाही. पण नुसत्या धास्तीने बांगलादेशी कारखानदारांनी मुलांना काढून टाकलं. युनिसेफच्या अंदाजाने ती सुमारे ५०,००० होती, आणि त्यांतली कितीतरी शाळेत न जाता खडी फोडायला, रस्त्यावर, काही तर वेश्याव्यवसायात गेली. मुलांच्या शाळेची आणि भत्त्याची सोय लावणारा करार १९९५ मध्ये झाला, म्हणजे आधी घाव आणि मग मलमपट्टी. दुकानात उभं राहून लेबल वाचणाऱ्या गिऱ्हाइकाच्या विवेकावर हा धंदा सुधारेल, ही समजूतही याच जातीची. लेबलवर देशाचं नाव असतं. कुलूप कोणत्या दाराला आहे, ते नसतं.

तिसरा आक्षेप आपल्याकडे फार आवडीने घेतला जातो. हे सगळे निकष म्हणजे पाश्चात्त्यांचा कावा, आपला माल अडवायची युक्ती. या आक्षेपाचं वय निदान एकशे चाळीस वर्षं आहे. १८८१ चा फॅक्टरी कायदा येत होता तेव्हा मुंबईचे गिरणीमालक हेच म्हणत होते, आणि राष्ट्रीय बाण्याच्या वृत्तपत्रांनीही त्यांचीच री ओढली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा त्यात स्वार्थ होता, हे खोटं नाही. पण १८८४ मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार ठरल्या तारखेच्या आत आणि कामावर जायबंदी होणाऱ्याची सोय अशा मागण्या होत्या. त्या सह्या लँकेशायरहून आलेल्या नव्हत्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली आणि गिरण्या काही बुडाल्या नाहीत.

मग उपाय कोणता? राणा प्लाझानंतर तीन आठवड्यांत, मे २०१३ मध्ये, जो करार झाला तो नीट वाचण्याजोगा आहे. 'बांगलादेश अकॉर्ड' या नावाने तो ओळखला जातो. एका बाजूला इंडस्ट्रिऑल आणि युनी या जागतिक कामगार संघटना, दुसऱ्या बाजूला एच अँड एम, इंडिटेक्स, प्रायमार्क यांच्यासारख्या, पुढे दोनशेवर गेलेल्या कंपन्या. वॉलमार्ट, गॅप आदी अमेरिकी कंपन्यांनी मात्र कामगार संघटनांची सही नसलेली वेगळी चूल मांडली. वेगळी का, ते उघड आहे. अकॉर्डची सही कायद्याने बांधणारी होती. सुमारे १,६०० कारखान्यांची तपासणी झाली आणि प्रत्येकाचा अहवाल जाहीर झाला. कामगाराला धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा हक्क लिहून मिळाला. जिन्याच्या तोंडाशी असलेली, कुलूप लागणारी कोलॅप्सिबल गेटं निघाली आणि आगीला थोपवणारे दरवाजे बसले. सुधारणा न करणाऱ्या कारखान्याचं काम सगळ्याच कंपन्यांनी थांबवायचं होतं. शिवाय खरेदीदारानेही दुरुस्ती कारखान्याला परवडेल असेच व्यवहार ठेवायचे होते. एका कंपनीने टाळाटाळ केली, तेव्हा संघटनांनी तिला हेगच्या लवादापुढे खेचलं आणि जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलरवर तडजोड झाली. एखाद्या ऑडिट अहवालाने कुणाकडून असे पैसे वसूल केल्याचं उदाहरण कुणी दाखवावं.

करार निर्दोष होता, असं नाही. गाझीपूरच्या एका कारखान्यात जुलै २०१७ मध्ये बॉयलर फुटून तेरा जण दगावले. बॉयलर तेव्हा कराराच्या कक्षेत नव्हते. यावरून करार फोल ठरत नाही, उलट त्याची गरजच दिसते. कागदावर आलं ते दुरुस्त झालं, राहिलं ते फुटलं. आणि बंधनं घातली की उद्योग पळून जाईल, ही भीती? बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात २०१२-१३ मध्ये सुमारे २१.५ अब्ज डॉलर होती; २०२२-२३ मध्ये ती ४७ अब्जांच्या घरात पोचली.

आपल्याकडेही नमुना आहे. तमिळनाडूत दिंडिगुलजवळच्या एका कारखान्यातल्या वीस वर्षांच्या दलित तरुणीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला आणि तिथल्याच सुपरवायझरला अटक झाली. तो कारखाना परदेशी ब्रँडसाठी माल बनवत होता. एप्रिल २०२२ मध्ये तिथली बायकांच्या पुढाकाराने चालणारी युनियन, कारखान्याची मालक कंपनी आणि एच अँड एम यांच्यात करार झाला; गॅप आणि पीव्हीएच या कंपन्या नंतर आल्या. छळाची तक्रार ऐकायला कामगारांमधूनच देखरेख करणाऱ्या बायका शॉप फ्लोअरवर नेमल्या गेल्या. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने त्या कारखान्याचा माल अडवला आणि सप्टेंबरात बंदी उठवली. उठवायला आधार झाला तो हाच करार.

उरतो पैशाचा मुद्दा. बांगलादेशी कामगारांनी २०२३ मध्ये महिन्याला २३,००० टाका मागितले. त्या आंदोलनात माणसं जिवानिशी गेली आणि किमान वेतन ठरलं १२,५०० टाका. महिन्याचे २०८ तास धरले तर तासाला साठ टाका. साध्या गोल गळ्याच्या टी-शर्टची नुसती शिलाई कारखान्याच्या हिशेबात आठ-दहा मिनिटांची असते. कटिंग, इस्त्री, पॅकिंग, वाया गेलेला वेळ सगळं सढळ हाताने धरून अर्धा तास म्हणू. म्हणजे एका टी-शर्टमागे मजुरी तीस टाका. वेतन सरळ दुप्पट केलं तरी वाढ तीस टाक्यांचीच, आपल्या पंचवीस रुपयांच्या आत. मालक म्हणतात, खरेदीदार दर वाढवत नाही. खरेदीदार म्हणतो, वेतन ठरवणं सरकारचं काम. दरवाजांच्या दुरुस्तीसाठी परवडणाऱ्या व्यवहाराचं कलम २०१३ मध्ये करारात बसलं होतं. मजुरीसाठी तसंच कलम घालायला हरकत असणाऱ्यांनी आधी या तीस टाक्यांचा हिशेब चुकीचा ठरवून दाखवावा.